भोपळ्याची बी

फेब्रुवारी सरत आला होता.
द्रावा नदीवरचं धुकं काचेला नाक लावून उभं,
आणि आम्ही चौघं, मारिबोरच्या एका गल्लीत,
चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या मजल्यावर,
भांडत होतो
सोळा गुणिले सोळा ठिपक्यांवरून.

येर्नेयनं आधी हातोडा काढला.
हातोडा सगळ्यांचाच असतो, मी म्हणाले.
मग पाना. तो तर त्याहून सगळ्यांचा.
मग महिरपी कंस, समोरासमोर, मधे काही नाही,
वऱ्हाड न आलेल्या मांडवासारखे.
मग नदीकाठच्या भिंतीवरची चारशे वर्षांची द्राक्षवेल,
छाटणीनंतरची, उघडीवाघडी.
मोठी केली की वेल,
लहान केली की चिरडलेला कोळी.

संध्याकाळी एक डोळा उरला. हिरवा,
कारण निळा आधीच सगळ्या जगानं वाटून घेतलाय.

पण खरी भानगड चिन्हाची नव्हतीच.
फाइलवर दोनदा टिचकी मारली की काय व्हावं?
पान दिसावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं तसं,
की उलटी बाजू उघडावी,
शिवण, गाठी, लोंबते दोरे,
नुसतं बोट लागलं तरी उसवेल अशी?

दुरुस्तीच उघडायची, बोगोमिर म्हणाला.
आपण हत्यार विकतो, आरसा नाही.
मीही त्याच्याच बाजूची. एका हातात कॉफी,
दुसरा हात वर.

मेट्का दिवसभर फोन घेते, म्हणून तिला मतं कमी
आणि माणसं जास्त ठाऊक.
रुशे गावचे आलोइझ, ती म्हणाली,
निवृत्त स्टेशनमास्तर, गावच्या बँडपथकाची साइट सांभाळतात.
त्यांना फक्त मैफलीची तारीख बघायची होती.
टिचकी मारली, आतलं सगळं उघडं पडलं.
घाबरून झाकायला गेले आणि एक कोनी कंस गेला.
जतन करू? हो म्हणाले. सभ्य माणूस,
विचारलं की हो म्हणतो.
तेव्हापासून ट्रम्पेटवाल्यांच्या नावांपासून
वर्गणीच्या हिशेबापर्यंत
अख्खं पान ठळक अक्षरांत ओरडतंय.

ज्याला नको त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बदलावं, बोगोमिर.
सेटिंगमध्ये कोणी जात नाही रे, मेट्का.
आपण ठेवू ते त्यांना हवामानासारखं वाटतं.

दोन विरुद्ध दोन. दिवे मालवून निघालो.

घरी ब्लाझनं शाळेत केलेला दिवा
टेबलावर मांडून ठेवला होता.
लाकडी बैठक, तांब्याची तार, दह्याच्या डब्याची शेड.
मी कोटही काढला नव्हता.
हा स्क्रू सैल आहे, म्हणाले. तार इथून नको होती.
आणि शेड जळेल ना, अशानं.
तो तेरा वर्षांचा आहे. काही बोलला नाही बराच वेळ.
मग म्हणाला,
आधी लावून तरी बघ.

लागत होता.
जरासा डुगडुगत, सुपाच्या वाटीवर पिवळा पडत,
पण लागत होता.

दुसऱ्या दिवशी मी हात खाली ठेवला.
कारण कोणी विचारलं नाही, बरंच झालं.
बोगोमिर आठवडाभर माझ्याशी
फक्त त्रुटींच्या याद्यांमधून बोलला.

आता दोनदा टिचकी मारली की पान दिसतं.
आतलं हवं तर उजवी टिचकी, तिसरी ओळ.
ही तिसरी ओळ दुसरी असावी का,
यावर अजून भांडण आहे.

एप्रिलमध्ये आलोइझ यांचा फोन आला.
स्पीकरवर होता, येर्नेय समोरच बसलेला,
ज्यानं त्या डोळ्याच्या पापणीसाठी
नऊ दिवस घालवले होते.
नवीन छान आहे, आलोइझ म्हणाले,
ती भोपळ्याची बी दाबली की
आमचा बँड दिसतो.

येर्नेयनं हळूच पापणी पुसली.
पडद्यावरची.